चौथी हाक

रोज सकाळी चहा उकळला की जया स्वयंपाकघराच्या दारातून सासूला हाक मारी. "आत्या, चहा." मागच्या पायरीवर बसलेल्या तानीबाई हलत नसत. दुसरी हाक जाई, तिसरी जाई, कपातल्या चहावर साय धरे. चौथ्या हाकेला मात्र "ओ, आलो" म्हणत त्या गुडघ्यावर हात टेकून उठत. ऐकू कमी येत होतं म्हणावं तर तसंही नव्हतं. पलीकडच्या गल्लीत भाजीवाली कुणाशी हुज्जत घालतेय हे त्यांना घरात बसून कळे. पण त्यांना उद्देशून कुणी हाक मारली की तीन हाका जाऊ द्यायच्या, हा त्यांचा नेम होता. माणूस समोर उभा असला तरी.

दूधवाला भरमू या नेमाला वैतागून फाटकातूनच ओरडे. "तानाक्का तानाक्का तानाक्का तानाक्का! घ्या, झाल्या चार. आता भांडं आना."

"एका दमात मारल्याली एकच धरतो मी," तानीबाई आतून सांगत.

"मग हे कसं ऐकू आलं?"

यावर त्या भांडं शोधायला लागत.

जया लोंढ्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली. लग्न होऊन बेळगावात आली तेव्हा तिला या गोष्टीचा राग येई. आपल्याला खेळवतायत असं वाटे. देवाप्पानं, तिच्या नवऱ्यानं, समजावलं होतं. निपाणीकडच्या जुन्या बायका पाळतात म्हणाला. तिन्हीसांजेला जे बाहेरचं असतं ते माणसाच्या आवाजात हाक मारतं, पण तीनदाच. चौथ्यांदा मारायची त्याच्यात ताकद नसते. म्हणून चौथीची वाट बघायची.

"पण भर सकाळी? चहाला?"

"आईचं तसंच हाय. सोड की."

त्यानं निम्मंच सांगितलं होतं. उरलेलं निम्मं जयाला कळलं ते टीव्हीमुळे.

टिळकवाडीतल्या त्या भाड्याच्या घरात टीव्ही आला सत्त्याऐंशी साली. देवाप्पा बांधकाम खात्यात नकाशे काढायला होता, जया मराठी शाळेत शिकवायला. लाकडी सरकत्या दाराचा तो काळा-पांढरा संच बाहेरच्या खोलीत, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली ठेवला. कौलांवर अँटेना उभी राहिली. पावसाळ्यात बेळगावात धुकं उतरलं की ती अर्धीच दिसे आणि टीव्हीत मुंग्या चालू लागत.

रविवारी सकाळची देवादिकांची मालिका संपली की गल्लीतले सगळे टीव्ही बंद होत. लोक जेवायला बसत, मग झोपत. नेमकी तीच वेळ 'अगली तारीख' या हिंदी मालिकेला मिळाली होती. आधी ती म्हणे संध्याकाळी लागायची. कुणी बघेना म्हणून दुपारी ढकलली. उत्तरेकडच्या कुठल्याशा गावातलं कोर्ट. भिंतींचे पोपडे निघालेले. गालिचे विणण्याच्या कारखान्यात एक बाई मेली होती आणि तिच्याबरोबर काम करणारी फूलमती ही एकच साक्षीदार होती. फूलमती काही यायची नाही. वकील भांडत, न्यायाधीश नाक पुसत, कोपऱ्यातला टंकलेखक यंत्र खडखडवत राही. शेवटी दाराबाहेरून पुकारा होई, 'फूलमती हाजिर हो', तीनदा. कॅमेरा मागच्या दारावर येऊन थांबे. दारापलीकडे अंधार. कुणी येत नसे. मग पुढची तारीख पडे आणि नावं वर सरकू लागत.

शेजारचे महावीर वकील जेवून हात पुसत यायचे आणि वेताच्या खुर्चीत बसायचे. त्यांच्याकडे रंगीत टीव्ही होता, पण त्यांची बायको कमला दुपारी तो लावू देत नसे.

"ही मालिका चालायची न्हाई, वैनी," ते जयाला म्हणत. "लई खरी हाय. कोर्टात असंच असतंय. पंखा, नाक, तारीख. हे बघायला लोक कशाला बसतील? आमाला तर पैसे देऊन बसवतात."

"मग तुम्ही कशाला बघता?"

"चुका काढायला." पण ते चुका काढत नसत. पुढं वाकून, गालावर हात ठेवून गप्प बघत.

ते या घरचा चहा आवडीनं पीत. कमलावहिनी कधी आल्याच तर त्यांचा नेमका कसला तरी उपास असे.

तानीबाईंना टीव्हीचं कौतुक नव्हतं. हिंदी त्यांना तुटक समजे. निपाणीत तंबाखूच्या वखारीत उभं आयुष्य गेलेलं. नवरा लवकर वारला, वखारीच्या कामावर त्यांनी देवाप्पाला शिकवलं. कितीही साबण लावला तरी बोटांना तंबाखूचा उग्र वास होता. जया त्यांनी निवडलेले तांदूळ दोन पाण्यांनी जास्त धूत असे आणि ते त्यांना कळत असे. दुपारी त्या त्याच खोलीत, टीव्हीकडे पाठ करून, काहीतरी निवडत बसत.

एका रविवारी त्या घेवडा मोडत होत्या. पुकारा झाला. पहिल्या हाकेला त्यांचा हात थांबला. दुसऱ्या हाकेला मान वळली. तिसऱ्या हाकेला त्या टीव्हीकडे पूर्ण तोंड करून बसल्या होत्या, आणि जयानं जे रोज सकाळी पाठमोरं पाहिलं होतं ते पहिल्यांदा समोरून पाहिलं. सगळं अंग कान झालेलं. श्वास धरलेला. चौथी हाक येण्याची वाट.

चौथी आली नाही. नावं वर सरकू लागली.

"त्यो हितं कसा आला?" तानीबाई म्हणाल्या.

"कोण, आत्या?"

"पट्टेवाला. कोर्टातला. त्योच हाय."

पुकारा करणारा मालिकेत कधी दिसत नसे. फक्त आवाज, घशात खरखर असलेला, शेवटचं अक्षर लांबवणारा. जयाला वाटलं, सगळे पट्टेवाले सारखेच ओरडत असणार. महावीर वकिलांनी मात्र खुर्चीत चुळबुळ केली. त्यांची सुरुवातीची वर्षं निपाणीकडच्याच तालुक्याच्या कोर्टात गेली होती.

"शामूसारखा वाटतोय खरा," ते म्हणाले. "शामू पट्टेवाला. पण त्यो तर दोन-तीन वर्सामागंच गेला की, आक्का. घशाच्या दुखण्यानं. मीच गेलतो मातीला."

"असंल," तानीबाई म्हणाल्या आणि घेवड्याकडे वळल्या.

त्या संध्याकाळी जयानं देवाप्पाला गाठलं आणि राहिलेलं निम्मं काढून घेतलं.

तानीबाईंना एक धाकटी बहीण होती, गंगव्वा. दोघी एकाच वखारीत जात. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची गोष्ट. संध्याकाळी काम सुटून दोघी ओढ्यापर्यंत आल्या होत्या. मागून मुकादमानं हाक मारली. एकच. गंगव्वानं लगेच "ओ" दिली आणि माघारी गेली. सकाळी ती वखारीमागच्या विहिरीत सापडली. पाय घसरला असेल म्हणाले सगळे. पण मुकादमाला तिला बोलावताना तानीबाईंनी पाहिलं होतं, आणि त्यांनी ते फौजदाराला सांगितलंही. खटला उभा राहिला. त्यानंतर त्यांच्या आईनं त्यांना बजावलं: गंगी पहिल्या हाकेला गेली. तू कुणाच्याच जाऊ नकोस. आणि आई बजावत होती त्याला कारण होतं. दिवेलागणीला गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी "आक्का" म्हणून हाक मारत असे. तीनदा. घरातल्या सगळ्यांनी ऐकली होती. देवाप्पानंही, लहान असताना.

"तू ऐकलीस?"

"ऐकली." देवाप्पा भिंतीकडे बघत म्हणाला. "मावशीचाच आवाज."

खटल्याच्या दोन तारखांना समन्स पोचलंच नाही. तिसऱ्या तारखेला तानीबाई सकाळीच जाऊन कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसल्या. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. दुपारी व्हरांड्याच्या काळोखातून त्यांचं नाव आलं. तानीबाई. हाक मारणारा दिसत नव्हता. त्या गप्प राहिल्या. दुसऱ्यांदा आलं. तिसऱ्यांदा आलं. त्या पदर सावरून चौथीची वाट बघत बसल्या. कोर्ट तीनदाच पुकारतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या आत गेल्या तेव्हा साक्ष बंद झाली होती, आणि थोड्या दिवसांनी मुकादम सुटला.

"आईनं त्यावर कधी बोलनं काढलं न्हाई," देवाप्पा म्हणाला. "फक्त हे चारचं धरून बसली."

त्यानंतरच्या रविवारी तानीबाई स्वतःहून टीव्हीसमोर बसल्या. नऊवारीची घडी मोडलेली नव्हती, केसांना तेल होतं. जया स्वयंपाकघरात भांडी लावत होती. तिला पुकारा ऐकू आला, पहिला, दुसरा. तिसऱ्या वेळी तिच्या हातातलं ताट ओट्यावर टेकता टेकता थांबलं. नाव फूलमती नव्हतं. निदान तिला तसं वाटलं. ती बाहेर आली तेव्हा दार दिसत होतं, ते मागचं, आणि नेहमीपेक्षा थोडं जास्त उघडं. दारापलीकडे नुसता अंधार नव्हता. काहीतरी हलत होतं, झाडाच्या पानांसारखं.

"मुंग्या आल्यात," महावीर वकील म्हणाले. त्यांनी खुर्ची जरा मागे सरकवली.

"माझं नाव घेतलं त्यानं," तानीबाई शांतपणे म्हणाल्या. "चौथ्यांदा घेतलं की जातो मी."

"कुठं जाता, आत्या?"

"साक्षीला."

जयाला हसू आलं नाही. तिला एकदम थंडी वाजली आणि तिनं खिडकी लावून घेतली.

हे असं चाललं असताना महावीर वकिलांनी एका सकाळी वर्तमानपत्र आणून जयाच्या हातात दिलं. आतल्या पानावर चार ओळी होत्या. प्रेक्षकच नसल्यामुळे 'अगली तारीख' लवकरच बंद होण्याची शक्यता आहे.

"मी म्हनलं नव्हतं? जाहिराती बघा की तिच्या. एक दंतमंजन होतं, तेबी पळालं."

तानीबाई पायरीवरून उठून आल्या. न बोलावता. "बंद म्हंजे?"

"म्हंजे दाखवायचे न्हाईत, आक्का. संपलं."

"आनि खटला?"

"तो कुठला खरा खटला? राहिला तसा राहिला."

तानीबाई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. जयानं त्यांना कधी विनवताना पाहिलं नव्हतं. त्या वकिलांना म्हणाल्या, "साहेब, साक्ष झाल्याबिगर कोर्ट उठतंय व्हय? एकदा उठलं. पुन्यांदा उठवू नगा. मी हितं वाट बघत बसल्याली हाय."

वकिलांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "एक करता येतं. लोक पत्रं घालतात दिल्लीला. मालिका बंद करू नका म्हनून. ढीगभर गेली तर बघतात, असं म्हनतात."

"कुणाची पत्रं? तुम्ही आणि आत्या, दोनच बघणारे," जया म्हणाली.

"मानसं हायत माझी," तानीबाई म्हणाल्या.

शाळेत रजा टाकून जया त्यांना निपाणीला घेऊन गेली, एसटीनं, पिशवीत कोरी पोस्टकार्डं आणि शाईचा पॅड. बस घाट उतरली तशी हवा बदलली. खिडकीतून तंबाखूचा वास आत आला आणि तानीबाईंनी तो ओळखीच्या माणसासारखा ओढून घेतला. जुन्या गल्लीत सुलाबाई भेटल्या, तानीबाईंबरोबर वखारीत बसलेल्या. तोंडात पान, आवाज गल्लीभर.

"या, टिळकवाडीच्या मालकीणबाई! वाट चुकला काय?"

"अंगठा पायजे तुजा."

"कशावर? घर लिहून घेतीस काय माझं? छपराचे चार पत्रे आनि एक शेळी हाय, घे."

जयानं समजावलं. टीव्हीवरची मालिका, कोर्टाची, बंद होणार आहे. सुलाबाई हसून हसून लोळायच्या राहिल्या. "टीवी! अगं, आमच्या गल्लीत लाईट येती का बघ आदी. मी कवा बघितला टीवी?" आजूबाजूच्या बायका जमल्या. अक्काताई नावाची एक उंच, वाळलेली बाई म्हणाली, "सिनेमा हाय व्हय? त्यात नाच हाय?"

"नाच न्हाई," तानीबाई म्हणाल्या. "वखारीतली पोर मेलीया. साक्षीदाराचा पुकारा चाललाय. कोर्ट उठवाय लागल्यात."

हसणं थांबलं. कुणी कुणाकडे बघितलं नाही. सुलाबाईंनी पान बाजूला थुंकलं, तोंड पुसलं, आणि अंगठा पुढे केला. "कुठं लावू?"

मग एकामागून एक बायका आल्या. तपकिरी, भेगाळलेले अंगठे. जया कार्डांवर हिंदीत तेच तेच वाक्य लिहीत होती आणि तिच्या लक्षात आलं, की अंगठा लावताना प्रत्येक बाई हळूच काहीतरी पुटपुटतेय. नीट ऐकलं तेव्हा कळलं. गंगव्वाचं नाव घेत होत्या.

परत निघताना वाटेत एक पक्कं घर लागलं. पुढच्या कट्ट्यावर एक म्हातारा बसला होता, पांढरा स्वच्छ सदरा, पोट सुटलेलं, समोर चहा. तानीबाईंचं पाऊल अडखळलं नाही, पण त्यांनी जयाचं मनगट धरलं. म्हातारा त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसला. "बरं हाय का, तानीबाई?"

त्या न थांबता चालत राहिल्या. गल्ली वळल्यावर जयानं मनगट सोडवून पाहिलं तेव्हा त्यावर वळ उठले होते.

पोस्टकार्डं दिल्लीला गेली. त्यांनी काही झालं की आणखी कशानं, कुणास ठाऊक. पण पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्रात आलं, की मालिका एका शेवटच्या भागानं आटोपती घेण्यात येईल.

"एकच?" तानीबाईंनी विचारलं.

"एकच," महावीर वकील म्हणाले.

"लई झाला."

त्या रविवारी सकाळपासून पावसाची भुरभुर होती आणि धुकं दारापर्यंत आलं होतं. देवाप्पा कामासाठी जवळच्या मच्छे गावी गेला होता. गल्ली जेवून झोपली होती. एरवी ऐकू येणारं कुत्रंही गप्प होतं. वकील आज काळा कोट घालून आले. जयानं बघितलं तसे ओशाळून म्हणाले, "गारठा हाय म्हनून घातला."

मालिका सुरू झाली. चित्र फिकं होतं, माणसांच्या कडांना दुसरी, पुसट माणसं चिकटलेली. वकील बोलले, न्यायाधीशांनी नाक पुसलं. मग न्यायाधीश म्हणाले, ही शेवटची संधी. आणि पुकारा झाला.

पहिल्या हाकेला जयाच्या मानेवर काटा आला. नाव स्पष्ट होतं. तानीबाई.

तिनं वकिलांकडे पाहिलं. ते टीव्हीकडे बघत नव्हते. तानीबाईंकडे बघत होते.

तानीबाई उठून उभ्या होत्या. गुडघ्याला हात न लावता. दुसऱ्या हाकेची वाट न बघता त्या म्हणाल्या, "ओ. आलो जी."

त्याच क्षणी चित्र गेलं. रुकावट के लिये खेद है, अशी पाटी आली. पण नेहमी पाटीबरोबर लागणारं संगीत लागलं नाही. पडद्यामागे कोर्ट तसंच चालू असल्यासारखं वाटत होतं: पंख्याची कुरकुर, कुणाचं तरी खोकणं, कागद सरकवल्याचा आवाज. मग शांतता, कुणी बोलायची वाट बघतंय अशी.

तानीबाई दोन पावलं पुढे गेल्या आणि टीव्हीच्या लाकडी कडेवर हात ठेवला.

"मी तानीबाई," त्या म्हणाल्या.

टंकलेखकाचं यंत्र खडखडलं. थांबलं.

"गंगव्वा माझी धाकटी भन. आमी दोघी वखारीत कामाला."

खडखड. थांबलं.

त्या सांगत गेल्या, न घाई करता, वाक्य संपलं की यंत्र थांबेपर्यंत थांबत. ओढ्याला पाणी किती होतं. गंगव्वाच्या अंगावर कसलं लुगडं होतं. ती म्हणाली, भाकरीची बुट्टी राहिली वाटतं माझी, तू हो फुडं. "मी म्हनलं, उद्या बघ की. ती म्हनली, आलोच गं. मुकादमानं तिच्या खांद्यावर हात ठिवला आनि आत न्हेलं. मी बघितलं. ह्या डोळ्यांनी. नाव सांगू का त्याचं?"

यंत्र गप्प होतं. पडद्याआडून एक आवाज आला, एवढा बारीक की जयाला तो पावसाचा वाटला असता. पण वकिलांनी मान डोलावली, कोर्टात डोलावतात तशी, आणि हलकेच म्हणाले, "सांगा."

तानीबाईंनी नाव सांगितलं. बापाचं नाव, आडनाव, गाव. यंत्र ते सगळं टिपून घेईपर्यंत त्या थांबल्या. मग विचारलं, "झालं?"

महावीर वकील केव्हाचे उठून उभे होते. हात पाठीमागे, मान खाली, न्यायाधीश उठताना उभं राहावं तसे. खोलीत तंबाखूचा वास इतका दाट झाला होता की जयाला शिंक आली. चित्र परत आलं तेव्हा पडद्यावर फुलदाणीशेजारी बसलेली निवेदिका पुढचा कार्यक्रम सांगत होती.

थोड्या वेळानं कमलावहिनी दारात आल्या, नवऱ्याला शोधत. त्यांनी त्या दिवशी, का कोण जाणे, आपला टीव्ही लावला होता. "काय बघत बसलाय हितं? आमच्यात तर नुसती पाटी आणि सतार. अर्धा तास. मालिका दिसलीच न्हाई."

वकिलांनी जयाकडे पाहिलं. कमलावहिनी उंबऱ्यावर जरा थबकल्या, मग आत येऊन बसल्या आणि जयानं पुढे केलेला चहा त्यांनी पुरता प्यायला.

सोमवारी सकाळी जयानं नेहमीसारखी हाक मारली, "आत्या, चहा", आणि पाठोपाठ "ओ" आली. चहावर अजून साय धरली नव्हती. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. तिला वाटलं, आता या कुणाच्याही हाकेला उठतील. त्यानंतर ती सासूला दुरून हाक मारेनाशी झाली. जवळ जाऊन, खांद्याला हात लावून बोले. भरमू दूधवाल्यालाही तिनं बजावलं, फाटकातून ओरडायचं नाही, आत येऊन भांड्यात दूध घालायचं.

"का हो बाई? आता तर पहिल्याला ओ देत्यात की."

"म्हणूनच," ती म्हणाली.

तानीबाईंनी पुन्हा टीव्ही पाहिला नाही. त्या दुपारी झोपू लागल्या, गाढ. गंगव्वाबद्दल अधूनमधून बोलू लागल्या, ती असल्यासारखं: तिला गुळाचा चहा चालत नाही, तिला उवा फार होत, ती चालताना चप्पल फरफटते. देवाप्पा नुसता ऐकत राही.

पाऊस सरून थंडी पडू लागली होती. एका शनिवारी सकाळची शाळा करून जया घरी आली, तो सुलाबाई आलेल्या. मागच्या पायरीवर दोघी मैत्रिणी मेथी निवडत होत्या. सुलाबाईंचा गल्लीभर आवाज आज खाली उतरलेला होता.

"मुकादमाचं कळलं का तुला? तू म्हनलीस त्यो टीवीचा रविवार हुता बघ, त्याच दुपारी. जेवत हुता. ताटावरनं उठला आनि म्हनला, कोन बोलावतंय? घरातली म्हनली, कुनी न्हाई. त्यो म्हनला, न्हाई कसं, माझं नाव घेत्यात, बापाच्या नावासकट. हात खरकटाच, तसाच भाईर. वड्याच्या अंगाला चालत सुटला. आनला धरून. तवापास्नं रोज हेच. हाक येती म्हनतो आनि पहिल्याच हाकेला उठतोय. आता दोरीनं बांधून ठेवत्यात कट्ट्याला. परवा मी तिकडनं गेलो, तर मला म्हनतोय, सुले, तुला ऐकू येती का गं? मी म्हनलं, न्हाय बा." सुलाबाईंनी जुडी झटकली. "खोटं बोललो मी, ताने. आलती ऐकू."

तानीबाईंचे हात चालत होते. एक काडी, एक पान. त्यांच्या चेहऱ्यावर जया काहीतरी शोधत होती, समाधान म्हणा, भीती म्हणा. काही नव्हतं. ऊन पायरीवरून खाली उतरत होतं आणि त्या त्याच्याबरोबर किंचित सरकून बसल्या.

सुलाबाई दुपारच्या गाडीनं गेल्या. तानीबाई निवडलेली मेथी सुपात भरून आत घेऊन आल्या, सूप जयासमोर ओट्यावर ठेवलं आणि पडायला खोलीकडे निघाल्या. त्या झोपेतून त्या उठल्याच नाहीत. आलेल्या-गेलेल्यांनी विचारलं, शेवटी काय बोलल्या, काही सांगितलं का. जया सांगायची ते ऐकून लोकांची निराशा होई. खोलीच्या दारात थांबून, मागं वळून, त्या म्हणाल्या होत्या, "मेथीला माती लई हाय गं. दोनदा धुऊन घे."